उतार की सपाट

गिरमिटमामाचा स्वभावच संशयी. भिंतीवरच्या घड्याळावर त्याचा विश्वास नव्हता म्हणून स्वयंपाकघरात दुसरं घड्याळ, आणि त्या दोन्हींत एका मिनिटाचा फरक निघाला म्हणून उशाशी तिसरं. दूधवाला पुढच्या दाराशी आला की हा आधी मागच्या खिडकीतून डोकावणार. कुणी हसून बोललं की याच्या मनात पहिला प्रश्न, याला माझ्याकडून हवंय तरी काय? बायको म्हणायची, "अहो, दोनच डोळे मिळाले तुम्हाला हे बरं झालं. तिसरा असता तर त्याने या दोघांवर पाळत ठेवली असती."

एका गोष्टीवर मात्र त्याचा पूर्ण भरवसा होता, तो म्हणजे स्वतःच्या हातावर. एकतीस वर्षं तो एकाच वर्कशॉपमध्ये ड्रिलिंग मशीनसमोर उभा होता. गिरमिट हे नाव त्याला तिथेच चिकटलं. लोखंडातल्या होलात करंगळी घालून तो सांगायचा, ड्रिल बोथट होतं की धारेचं, आणि सांगितलेलं खोटं ठरायचं नाही. तपासणीच्या बाई तर अशा कडक, की मालकाच्या सख्ख्या भावाचं कामही मोजल्याशिवाय पुढे सोडायच्या नाहीत. पण मामाच्या होलांना त्याही हात लावत नसत. "मामांनी केलंय ना? मग झालं," एवढं म्हणून शिक्का मारायच्या. तो तिथला रिवाजच पडला होता, आणि त्या रिवाजापायी मामाची मान कायम ताठ असायची.

अशा माणसाने केलेली एकशेचाळीस झाकणं एका मंगळवारी सकाळी ट्रकमधून परत आली.

पंपाची झाकणं ती, बिडाची, ताटलीएवढी. प्रत्येकावर आठ होलं. आता होल म्हणजे होल, असं तुम्हा-आम्हाला वाटतं. ड्रिलवाल्याला तसं वाटून चालत नाही. काही होलं आरपार जातात, काही मध्येच थांबतात, काहींच्या आत आटे असतात. आणि काहींचं तोंड मोठं करावं लागतं, बोल्टचं डोकं आत बुडावं म्हणून. या तोंडाचे दोन प्रकार. एक उताराचं, नरसाळ्यासारखं; त्यात तिरप्या डोक्याचा स्क्रू बसतो. दुसरं सपाट तळाचं, डबीसारखं. त्यात जाड डोक्याचा बोल्ट बसतो. आणि खरी मेख अशी, की वरून पाहिलेल्या चित्रात दोन्ही अगदी सारखी दिसतात. एकात एक दोन वर्तुळं, बस्स. होल उभं कापून बाजूने दाखवलं तरच फरक कळतो, नाहीतर शेजारी छापलेल्या बारीक खुणा वाचाव्या लागतात.

गिऱ्हाइकाला सपाट हवी होती. मामाने आठच्या आठ उताराची केली होती. एकशेचाळीस झाकणांवर!

मालकाने एक झाकण उचलून मामाच्या मशीनवर आदळलं. "मामा, हे काय आहे?"

"कागदात होतं ते आहे."

"कागदात सपाट आहे. माझ्या केबिनमध्ये ठेवलाय मी कागद, कुलपात."

"असेल. पण माझ्याकडे आला त्या कागदात उतार होता. मी या डोळ्यांनी टोकदार खूण पाहिली. टोकदार म्हणजे उतार. मला काय आज कळायला लागलंय?"

"मग तो कागद दाखवा."

तो कुठला दाखवणार! दोन महिन्यांपूर्वीचं काम. मशीनवरची प्रत तेलाने भिजून फाटली होती आणि झाडूवाल्याने उचलून नेली होती. सगळे माना खाली घालून उभे. तपासणीच्या बाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "पहिला नग मी बघायला हवा होता. नाही बघितला. माझंही चुकलंय." बाईंचं ते सरळ बोलणंसुद्धा मामाला आवडलं नाही. इतक्या लवकर कबूल करते म्हणजे ही कुणाला तरी पाठीशी घालतेय, असं त्याला वाटलं.

मालक हळू आवाजात म्हणाला, "त्यांना शनिवारपर्यंत लेखी नाव हवंय. चूक कुणाची ते. ज्याचं नाव जाईल त्याचा हात त्यांच्या कामाला पुन्हा लागता कामा नये. आणि त्यांच्याशिवाय आपल्याकडे दुसरं काम आहे कुठे, मामा?"

म्हणजे ज्याचं नाव जाईल तो घरी. सगळ्यांना ते समजलं. मामाला इतरांच्या आधी समजलं. नोकरी जाईल याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. एकतीस वर्षांनी लोक म्हणतील, गिरमिटाला होल ओळखता आलं नाही. 

चूक आपली नाही याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. टोकदार खूण होती म्हणजे होती. आता कागदात सपाट असेल, तर कागद बदललाय. आणि गिऱ्हाइकाचा कागद कंप्युटरमधून निघून मामाच्या हातात येईपर्यंत वाटेत एकच हात लागतो. कागद छापून मशीनवर देणाऱ्या ड्राफ्ट्समनचा.

ड्राफ्ट्समन म्हणजे मामाचा जावई.

हे जावईबापू तीन वर्षांपूर्वी या वर्कशॉपमध्ये आले. हडकुळे, मितभाषी, खिशाला तीन पेनं. मामाची पोरगी तेव्हा रोज बापाचा डबा घेऊन यायची. सहा महिन्यांत डबा वेळेच्या आधी यायला लागला, मग पोरगी डबा देऊनही अर्धा तास थांबायला लागली, आणि मामाने ओळखलं की पाणी कुठे मुरतंय. पुढे लग्न झालं, रीतसर, सगळ्यांच्या संमतीने. पण मामाच्या मनातली अढी काही गेली नाही. जो माणूस कमी बोलतो त्याच्या पोटात काय आहे ते कळणार कसं? दोघं मामाच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहत होती आणि दोन महिन्यांपूर्वी त्यांना मुलगी झाली होती. नातीवर मामाचा जीव होता. तिच्या बापावर पहारा होता.

बुधवारी मामाने पहारा वाढवला. त्याच्या मशीनसमोरून ऑफिसची काच दिसते. जावयाने सकाळी आल्या आल्या टेबलाचा खालचा खण उघडला. आतून कागदांची चळत काढली, इकडेतिकडे बघितलं, चळत पिशवीत घातली आणि वर जेवणाचा डबा ठेवला. मामाने ड्रिल थांबवलं. 

"सापडला," तो पुटपुटला.

"काय सापडलं मामा?" शेजारच्या लेथवाल्याने विचारलं.

"काही नाही. तू तुझं काम बघ."

संध्याकाळी तो नातीला बघायला म्हणून वर गेला. दाराबाहेर चपला काढताना आतला आवाज ऐकू आला. पोरगी म्हणत होती, "पण त्यांना कळायला नको का?" आणि जावई म्हणत होता, "नको. काही झालं तरी मामांना यातलं काही बोलू नकोस." मामाने खोकून दार ढकललं.  पोरीने नात त्याच्या मांडीवर दिली आणि चहा ठेवायला आत पळाली. जावई उभाच राहिला.

"काय जावईबापू, पिशवी आज जड दिसत होती सकाळी," मामा म्हणाला.

"हो, थोडे कागद होते."

"कसले?"

"जुने. टाकून द्यायचेत."

"ऑफिसचे कागद घरी आणून टाकायचे? तिकडे कचऱ्याचा डबा नाही वाटतं?"

 जावयाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मामाने मनातल्या मनात तीही नोंद करून ठेवली. चहा न पिताच तो उठला. पोरगी जिन्यापर्यंत आली आणि म्हणाली, "बाबा, असं कोर्टातल्यासारखं का हो बोलता त्यांच्याशी? तुम्हाला वाटतात तसे ते नाहीत."

"मला कसे वाटतात ते मी कधी सांगितलंय तुला?"

"सांगायला कशाला लागतं? नातीला मांडीवर घेऊनसुद्धा तुमचे डोळे त्यांच्यावरच असतात."

पोरगीही सामील आहे. हा विचार त्याच्या मनात आला आणि पहिल्यांदाच त्याला स्वतःचीच थोडी भीती वाटली. पण विचार काही गेला नाही.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ऑफिस रिकामं होतं. जावई बाहेर टपरीवर. मामा पंचवीस पावलं चालून आत शिरला आणि त्या गिऱ्हाइकाची फाइल उघडली. झाकणाचा कागद तिथे नव्हता, तो मालकाच्या कुलपात. पण मागच्या तीन वर्षांतले बाकीचे कागद एकावर एक लावलेले होते, गिऱ्हाइकाकडून आले तसे. मामाने एक उलटला, दुसरा उलटला, आणि थबकला.

कागद ओळखीचे होते आणि नव्हतेही. हा ब्रॅकेट त्याने केला होता, ही पंपाखालची प्लेट त्याने केली होती. पण त्याच्या मशीनवर जे कागद यायचे त्यांत प्रत्येक होलाशेजारी, अंगठ्याच्या नखाएवढं, होल उभं कापून दाखवलेलं चित्र असायचं. उतार असेल तर उतार, सपाट असेल तर सपाट, आटे असतील तर आटे. मामा ते चित्र बघायचा आणि ड्रिल लावायचा. फाइलमधल्या कागदांवर तसलं एकही चित्र नव्हतं. नुसती वर्तुळं, आणि शेजारी त्या कंप्युटरच्या किडामुंगीसारख्या खुणा. त्या खुणांकडे मामा एरवी ढुंकूनही पाहत नसे. गरजच पडत नसे.

प्रत्येक कागदाच्या तळाशी ठळक अक्षरांत एक सूचना होती, ती तर वर्कशॉपमधल्या सगळ्यांना पाठ होती: या कागदावर गिऱ्हाइकाच्या परवानगीशिवाय एकही रेघ वाढवायची नाही.

 म्हणजे हा माणूस तीन वर्षं कागदांत ढवळाढवळ करतोय! एक कागद फाइलमध्ये, दुसरा माझ्या हातात. आणि या खेपेला चित्र चुकीचं काढलं, माल परत आला, म्हणून पुरावे पिशवीत घालून घरी नेले. सगळं कसं जागच्या जागी बसलं. सुटलो बाबा, असं वाटून मामाला चक्क हसू आलं.

आता पुरावा हवा. आणि पुरावा त्याच्या घरातच होता. मशीनवरचे वापरलेले कागद, जे तेलाने भिजायचे नाहीत ते, तो वर्षानुवर्षं घरी आणायचा आणि बायको ते स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरायची. घरी आल्या आल्या त्याने बूटसुद्धा न काढता फळ्यांवरचे डबे खाली उतरवायला सुरुवात केली.

"अहो, काय चाललंय? झुरळ दिसलं का?" बायको धावत आली.

"मोठं झुरळ आहे. जरा बाजूला हो."

"माझी डाळ सांडेल! अहो, तो डबा तिरका धरू नका!"

"तुझ्या जावयाने काय उद्योग केलेत ते बघ म्हणजे डाळ विसरशील."

बायकोने बघितलं. तिला कागदावर गोल दिसले आणि गोलांशेजारी बारीक नक्षी दिसली. "किती सुबक काढलंय," ती म्हणाली.

मामाने कपाळावर हात मारला. मीठ-मिरचीचे डाग पडलेले तेवीस कागद निघाले. त्याने ते पुसले, दाबून सरळ केले आणि उशाखाली घेऊन झोपला. झोपताना बायकोने विचारलं, "हे तुम्ही मालकांना दाखवणार? पोरीचं काय होईल? तिचं बाळ दोन महिन्यांचं आहे हो."

"आणि माझं काय होईल ते नाही विचारलंस."

"तुमचंही विचारते. पण तुमच्याकडे मी आहे. तिच्याकडे तोच एक आहे."

मामाने कूस बदलली. राग आला होता, वाईटही वाटत होतं.

शनिवारी दहा वाजता मालकाच्या केबिनमध्ये चौघं होते. मालक खुर्चीत, तपासणीच्या बाई खिडकीशी, जावई टेबलाच्या डाव्या बाजूला, आणि मामा समोर. त्याने ऑफिसातली फाइल आधीच मागवून घेतली होती. एक कागद फाइलमधला, एक फळीवरचा, अशा जोड्या तो टेबलावर मांडत गेला. मालकाच्या कपाळावरच्या आठ्या वाढत गेल्या. तीन जोड्यांनंतर तो म्हणाला, "बस. कळलं."

मग त्याने जावयाकडे वळून विचारलं, "ही चित्रं तू काढलीस?"

"हो."

"गिऱ्हाइकाच्या कागदावर?"

"त्याच्या प्रतीवर. शाईने काढायचो आणि मग झेरॉक्स करून खाली द्यायचो."

"तळाशी काय लिहिलंय ते वाचलं नाहीस?"

"वाचलंय."

"मग का?"

जावयाची नजर एकदा मामाकडे गेली आणि परत आली. "खाली सोयीचं पडतं म्हणून," तो म्हणाला.

"कुणाच्या सोयीचं?"

"सगळ्यांच्याच."

"खोटं," मामा मध्येच म्हणाला. "दुसऱ्या कुणाच्या मशीनवर असली चित्रं जात नाहीत. मी विचारलंय. फक्त माझ्याच कागदावर. मला गोत्यात आणायला!"

मालकाने पेन उचललं. "मग प्रश्नच मिटला. माझ्या कारखान्यात राहून तू हे तीन वर्षं करतोस, आणि..." त्याने पत्राचा कागद पुढे ओढला. मामाचा श्वास मोकळा झाला. त्याच वेळी त्याला पोरीचा चेहरा आठवला आणि मोकळा झालेला श्वास पुन्हा अडकला. पण त्याने नजर मालकाच्या पेनावरच ठेवली.

"एक मिनिट," तपासणीच्या बाई म्हणाल्या. त्या इतका वेळ त्या तेवीस कागदांवर वाकून फाइलशी ताडून बघत होत्या. "यातलं एकही चित्र चुकीचं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे जिथे सपाट हवं तिथे सपाट काढलंय, उतार तिथे उतार. तेवीसपैकी तेवीस बरोबर. गोत्यात आणणारा माणूस एवढं बरोबर कशाला काढेल?" त्यांनी हातातली वही उघडली. "आणि झाकणाचा कागद खाली गेला तो मंगळवारी, एकवीस तारखेला. सोमवार ते गुरुवार हे रजेवर होते. बायकोच्या बाळंतपणासाठी. ऑफिसातल्या टायपिस्टने कागद छापून थेट मामांच्या मशीनवर ठेवला. त्यावर चित्र नव्हतंच."

मामाला तो मंगळवार आठवला. दुपारी पोरीला दवाखान्यात नेल्याचा फोन आला होता. काम पुढे ढकलणं शक्य नव्हतं. त्याने कागदावर एक नजर टाकली होती, खूण पाहिली होती, टूल लावलं होतं आणि पहिला नग काढून उरलेले भराभर उरकायला घेतले होते. टोकदार खूण. ती मात्र त्याला आत्ताही डोळ्यांसमोर दिसत होती.

"चित्र नसेल," तो म्हणाला, "पण खूण होती. टोकदार. मी पाहिली."

"मालक, तो कागद काढता का?" बाई म्हणाल्या. "मामांनी वाचून दाखवला की सगळं स्पष्ट होईल."

"बाई, राहू द्या ना," जावई एकदम म्हणाला. "मी कबूल केलंय. माझं नाव लिहा आणि संपवा."

हे ऐकलं मात्र, मामाच्या डोक्यात पुन्हा तेच चक्र फिरायला लागलं. हा का घाबरतोय? कागद बाहेर आलेला याला का नकोय? "राहू द्या कशाला?" तो म्हणाला. "आणा तो कागद. बघू या बदललाय की नाही."

मालकाने कुलूप उघडून कागद समोर ठेवला. एकात एक दोन वर्तुळं, आठ ठिकाणी. एका वर्तुळातून रेघ बाहेर काढलेली, आणि रेघेच्या टोकाला खुणांची ओळ. मामा वाकला. आधी एक आकडा. मग झाकण नसलेल्या खोक्यासारखी काहीतरी खूण, मग आकडा. आणि मग खाली तोंड केलेला एक बाण. टोकदार! तीच ती! कागद बदललेला नव्हता, खूण जागच्या जागी होती. त्याला मनापासून आनंद झाला.

त्याने बोलायला तोंड उघडलं आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला जावयाचा हात दिसला. जावयाने तळवा टेबलावर पालथा ठेवला होता, बोटं पसरून, आणि तो तसाच टेबलावर फिरवत होता. मालकाचं लक्ष कागदाकडे होतं, बाईंचं मामाकडे. हात फक्त मामालाच दिसत होता. जावयाने मामाकडे पाहिलं, हात दाबला आणि पुन्हा फिरवला.

हा मला काहीतरी सांगतोय, मामाच्या लक्षात आलं. आणि लगेच पुढचा विचार आला, सांगतोय म्हणजे फसवतोय. ऐन वेळी माझ्या तोंडून भलतंच वदवून घ्यायचं आणि स्वतः सुटायचं. वा रे वा! तीन वर्षं मुका होतास, आणि आज खुणा करतोस?

त्याने बोट बाणावर टेकवलं आणि मोठ्याने म्हणाला, "ही बघा. टोकदार खूण. उतार! आहे की नाही? एकशेचाळीसच्या एकशेचाळीस मी बरोबर केलीत!"

  मालकाने पेन खाली ठेवलं. जावयाचा हात टेबलावर तसाच थांबला.

बाई जवळ आल्या. त्यांनी मामाचं बोट अलगद धरून थोडं डावीकडे सरकवलं. "मामा, ही खोक्यासारखी आहे ना, ही प्रकाराची खूण. सपाट तळ. बाण म्हणजे किती खोल जायचं ते. प्रत्येक खोलीच्या आकड्याआधी बाण असतो. उताराची खूण वेगळी असते." त्या इतक्या हळू बोलत होत्या की मामाला जास्तच लागलं.

मामाने टेबलावरच्या त्या पालथ्या हाताकडे पाहिलं. सपाट. तो सपाट म्हणत होता. सगळ्यांच्या देखत, स्वतःचं नाव लिहिलं जाणार हे माहीत असताना, तो सासऱ्याला उत्तर सांगत होता. मामाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याला ते लपवताही आलं नाही.

"मला वाचता येत नाही हे," तो म्हणाला. "पूर्वी आमच्या कागदांवर कापलेलं चित्रच असायचं. मग ते कंप्युटरचे कागद आले. एक-दोन महिने मी अंदाजाने रेटलं. मग चित्रं यायला लागली. मला वाटलं, गिऱ्हाईकच काढून पाठवतंय. मी कधी विचारलं नाही. मालक, माझं नाव लिहा."

"मामा," मालक म्हणाला, "तुम्हाला कळतंय ना, मग मला तुम्हाला..."

"कळतंय. लिहा."

"चित्रांचं काय करायचं ते मी बघतो," मालक जावयाकडे न बघता म्हणाला. "गिऱ्हाइकाला त्यातलं काही कळवायची गरज नाही." मग त्याने पत्रावर नाव लिहिलं. मामाने ते उलट्या बाजूने वाचलं. तेवढं मात्र त्याला वाचता आलं.

तो बाहेर आला आणि मशीनशी जाऊन आपली हत्यारं पुसायला लागला. थोड्या वेळाने जावई येऊन शेजारी उभा राहिला. त्यानेही एक फडकं घेतलं. 

"लग्नासाठी करत होतात का हे?" मामाने विचारलं. "पोरगी मिळावी म्हणून?"

"नाही. मी तिला पाहिलंही नव्हतं तेव्हा. कामावर लागलो त्याच आठवड्यात तुम्ही एक कागद घेऊन माझ्या टेबलाशी आलात. उभे राहिलात, मी काही विचारण्याची वाट पाहिलीत, आणि काही न बोलता परत गेलात. दुसऱ्या दिवशी मी पहिलं चित्र काढलं."

मामाला तो दिवस आठवत होता. तेव्हा त्याला वाटलं होतं, या नव्या पोराला माणसाशी बोलायची रीत नाही.

"मग पिशवीतले कागद?"

"शाईने काढलेल्या मूळ प्रती होत्या. कुणाच्या हाती लागल्या असत्या तर विचारलं असतं, कुणासाठी काढता."

"आणि मला का नाही सांगितलंत? मला एकदा बाजूला घेऊन चार खुणा शिकवल्या असत्यात तर हे झालंच नसतं."

जावयाने फडक्याची घडी घातली. "शिकवायला आलो असतो तर तुम्ही काय म्हणाला असतात, मामा?"

मामाने ड्रिलचं टोक दोनदा पुसलं. "म्हणालो असतो," तो म्हणाला, "हा मला अडाणी ठरवायला बघतोय."

"तेच."

"हो," मामा म्हणाला. "तेच म्हणालो असतो."